आईंची गाडी, आमची गाडी

आमच्या घरात ‘गाडी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. सासूबाई गाडी म्हणतात ती रुळांवरची. लेक गाडी म्हणते ती खाली पार्किंगमध्ये उभी असते ती. ग्लासगोला नणंदेकडे जायचं आणि तिथून पुढे आठ दिवस स्कॉटलंडचा डोंगराळ भाग बघायचा असं ठरलं, तेव्हा ‘गाडीनंच जाऊ या’ यावर पहिल्याच रात्री सगळ्यांचं एकमत झालं. तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा कळलं, की आई, म्हणजे सासूबाई, एका गाडीबद्दल बोलत होत्या आणि मी दुसऱ्या.

आम्ही चौघं. आई ७१ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डावा रोज दुखतो. लेक नऊ वर्षांची, घाट लागला की हमखास उलटी. नवऱ्याला गाडी चालवता येते, पण चालवायला आवडत नाही. आणि मी. माझं माहेर नाशिकचं. बडोदा ते नाशिक, सापुतारा घाटासकट, गेली दहा वर्षं मीच चालवत जाते. ऑफिसच्या कामाला अहमदाबादला जायचं असलं की ९३ किलोमीटरचा एक्सप्रेस-वे पहाटे एकटीनं कापायला मला मनापासून आवडतं. त्यामुळे परदेशात गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची, हे माझ्या मनात केव्हापासून होतं. त्यात ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डाव्या बाजूनं वाहतूक. फ्रान्स-जर्मनीला जायचं असतं तर मी दहा वेळा विचार केला असता.

आईंचा जीव रेल्वेत का, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. त्या बडोद्याजवळच्या डभोईच्या. त्यांचे वडील तरुणपणी गायकवाडांच्या रेल्वेत लागले आणि पुढे पश्चिम रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. डभोईला तेव्हा चहूकडून नॅरो गेजच्या लाइनी येऊन मिळायच्या. मियागाम ते डभोई ही लाइन १८६२ सालची, देशातली पहिली नॅरो गेज. सुरुवातीला डबे ओढायला बैल जुंपत, कारण रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचं वजन पेलवत नव्हतं. घरी नवा माणूस आला की आई त्याला हे सांगतातच. काळ्या कपाशीच्या जमिनीत पावसाळ्यात लाइन कशी खचायची आणि गँगमन चिखलात उभे राहून ती कशी उचलून धरायचे, हे त्यांनी लहानपणी क्वार्टरच्या ओट्यावरून बघितलेलं. ‘परदेशात जाऊन आगगाडीत बसले नाही तर मी गेले कशाला?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो हट्टाचा नव्हता.

मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते. घरातही कुठला निर्णय अडला की माझी दोनशे पानी वही बाहेर येते. दांडिया बाजारातल्या आमच्या डायनिंग टेबलावर पानाच्या मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे ‘रेल्वे’, उजवीकडे ‘गाडी’.

गाडीची बाजू आधी भरली, कारण ती मला हवी होती. आपलं पक्कं लायसन्स ग्रेट ब्रिटनमध्ये आल्या दिवसापासून बारा महिने चालतं. गुजरातचं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असल्यामुळे वाचण्याची अडचण नाही. तरी भाड्यानं गाडी देणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात. काहींना लायसन्स एक वर्ष जुनं चालतं, काहींना त्याहून जुनं लागतं, काही आंतरराष्ट्रीय परमिटही मागतात. मी कंपनीला ईमेल करून ‘भारतीय लायसन्स चालेल का, परमिट लागेल का’ असं सरळ विचारलं, आणि ‘इंग्रजीत असेल तर लागणार नाही’ हे उत्तर आल्यावर त्याची प्रिंट काढून पासपोर्टबरोबर ठेवली. हे जरूर करावं. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याच कंपनीचं पत्र पुढे करणं सोपं.

मग किंमत. आठ दिवसांची ऑटोमॅटिक गाडी, पाच जणांची, ग्लासगोतून घेऊन ग्लासगोतच परत द्यायची: ५२० पौंड. मॅन्युअल स्वस्त होती, पण अनोळखी रस्त्यावर गिअरकडे लक्ष द्यायला नको म्हणून ऑटोमॅटिकच बघितली. लेकीसाठी बूस्टर सीट वेगळी. तिथे मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत ती कायद्यानं लागते, आणि आमची दोन्हीत बसत नव्हती. विम्याचं प्रकरण मला सगळ्यात जास्त वेळ घेणारं ठरलं. भाड्यात मूळ विमा असतोच, पण गाडीला काही झालं तर पहिला हजार-दीड हजार पौंडांचा भाग आपल्या डोक्यावर असतो, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. ती जबाबदारी शून्यावर आणायची तर रोजचा वेगळा आकार. आठ दिवसांचे १६० पौंड. पेट्रोल, पार्किंग धरून गाडीची बाजू सव्वाआठशेच्या पुढे गेली.

नणंद फोनवर म्हणाली, ‘वहिनी, भाड्यानं कशाला? आमची गाडी न्या की.’ पण तिथे विमा गाडीला असला तरी चालवणाऱ्याच्या नावाचा लागतो, आणि भारतीय लायसन्सवाल्या पाहुणीचं नाव आठवडाभरासाठी घालायचं म्हटल्यावर तिच्या विमा कंपनीनं जो आकडा सांगितला, तो ऐकून तिनंच विषय सोडला.

रेल्वेची बाजू नवऱ्यानं भरली. तिथे कुटुंबासाठी एक रेलकार्ड मिळतं, ३५ पौंडांचं, वर्षभर चालतं. त्यावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना ६० टक्के सवलत. चार मोठी आणि चार मुलं एका कार्डावर जाऊ शकतात, फक्त बरोबर एक तरी मूल हवं. परदेशी पाहुण्यालाही घेता येतं. लांबच्या गाड्यांची स्वस्त आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी सुटतात. ग्लासगो ते फोर्ट विल्यम, तिथून मालेग आणि परत, मग इन्व्हर्नेसहून एडिंबरा, एडिंबराहून ग्लासगो, आमच्या चौघांचं सगळं मिळून सवादोनशेच्या आत आलं. रेलकार्डाचे पैसे त्यातच.

आकड्यांत रेल्वे सरळ जिंकली. तरी मी वही मिटली नाही, कारण नकाशा वेगळंच सांगत होता. मला जिथे जायचं होतं ते स्काय बेट. तिथे रेल्वेच नाही. एक लाइन मालेगला समुद्रापाशी संपते, दुसरी कायल ऑफ लोखाल्शला समुद्रापाशी संपते, आणि बेट पलीकडे. बस आहेत, पण दिवसाकाठी मोजक्या, आणि थांब्यापासून बघायच्या जागेपर्यंत चालणं. ते आईंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. या लाइनींवरही दिवसाला तीन-चारच गाड्या. एक चुकली की चार-पाच तास बसून राहा.

आठवडाभर आमचं घर असंच दोन बाजूंनी बोलत राहिलं. शेवटी जे बोलणं कामाला आलं ते नणंदेचं. तिला मी सगळा हिशेब वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही पैशांचं सगळं लिहिलंत. पण आठही दिवस गाडी तुम्हीच चालवणार ना? आई म्हणणार ते बघ सरोवर, पोर म्हणणार ते बघ हरीण. तुम्ही काय बघणार? समोरच्या ट्रकचा मागचा दिवा?’

हे मी वहीत लिहिलंच नव्हतं. नाशिकच्या रस्त्याचं मला काय आठवतं, याचा विचार केला. वांसद्याचं जंगल मी दहा वर्षांत डोळे भरून बघितलेलं नाही. मला तिथली वळणं पाठ आहेत.

त्या रात्री मी पानावरची उभी रेघ खोडली आणि नकाशाची झेरॉक्स काढून तिचे तुकडे पाडले. ग्लासगो ते फोर्ट विल्यम, वेगळा तुकडा. फोर्ट विल्यम ते मालेग, वेगळा. फोर्ट विल्यम ते इन्व्हर्नेस, इथे थेट रेल्वेच नाही, बस. इन्व्हर्नेस ते स्काय आणि परत, वेगळा. इन्व्हर्नेस ते एडिंबरा, वेगळा. प्रत्येक तुकड्यापुढे दोनच प्रश्न लिहिले: इथे बघण्यासारखं खिडकीतून दिसतं की उतरून? आणि आईंना किती पावलं चालावं लागेल? मग चित्र साफ झालं. पहिल्या दोन तुकड्यांत सगळं खिडकीतून दिसतं. स्कायला उतरल्याशिवाय काहीच दिसत नाही. म्हणून गाडी फक्त तीन दिवस, इन्व्हर्नेसहून घ्यायची आणि तिथेच परत द्यायची. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात दिली तर जास्तीचा आकार लागतो, तोही वाचला. एकूण खर्च पाचशेच्या आसपास.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून सकाळी निघालो. मोठ्या बॅगा नणंदेकडे ठेवल्या होत्या, कारण या गाड्यांत सामानाची जागा अगदी बेताची. दोन छोट्या ट्रॉल्या आणि एक खाण्याची पिशवी: थेपले, लीलो चेवडो, गूळपापडी. जागा डाव्या बाजूच्या मागून घेतल्या होत्या, उत्तरेकडे जाताना पाणी जास्त करून त्याच बाजूला लागतं म्हणून. स्टेशनवर मदतीसाठी आधी कळवलं होतं, त्यामुळे डब्याच्या दाराशी उतार लावून आईंना चढवलं. ते काम करणाऱ्या मुलीनं त्यांना हात धरून जागेवर बसवलं, आणि आई तिला गुजरातीत ‘जीवती रहे, बेटा’ म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र आधी नीट माहीत हवी. ही गाडी वाटेत क्रियनलारिक नावाच्या छोट्या स्टेशनवर दोन भागांत तुटते. काही डबे ओबानला जातात, उरलेले फोर्ट विल्यम-मालेगला. आपला डबा कुठला, हे दाराजवळच्या पाटीवर बघायचं आणि तिकीट तपासनिसाला पुन्हा विचारायचं. आम्ही दोन्ही केलं, तरी क्रियनलारिक येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आई मात्र उभ्या राहून खिडकीला नाक लावून बघत होत्या. कपलिंग सुटल्याचा आवाज आला, पुढचे डबे हळूच वेगळे झाले आणि निघून गेले. ‘डभोईला असंच व्हायचं,’ त्या म्हणाल्या. ‘एक तुकडा चांदोदला, एक बोडेलीला. बाबा हिरवा झेंडा दाखवून परत येईपर्यंत आम्ही श्वास धरून बसायचो.’

पुढे रॅनॉक मूर लागलं. मैलोन्मैल सपाट, तपकिरी, पाणथळ माळ. झाड नाही, घर नाही, मध्ये मध्ये काळ्या पाण्याची डबकी. ही लाइन १८९४ साली फोर्ट विल्यमपर्यंत पोचली, तेव्हा या दलदलीत पाया सापडेना. मग इंजिनीअरांनी झाडांची मुळं, फांद्या आणि झुडपांच्या मोळ्यांचा थर अंथरला, त्यावर हजारो टन माती आणि राख ओतली आणि त्या तरंगत्या गादीवर रूळ टाकले. मी हे नवऱ्याच्या मोबाइलवरून आईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, ‘तुझे पणजोबा सांगायचे, काळ्या मातीत रूळ टाकायचा म्हणजे दह्यावर पाट ठेवायचा. इथं या लोकांनी दह्यावरच पाट ठेवलाय बघ.’

त्याच माळावर कोराऊर स्टेशन येतं. समुद्रसपाटीपासून ४०८ मीटर, ब्रिटनमधल्या मुख्य लाइनींवरचं सगळ्यात उंच स्टेशन. तिथपर्यंत सार्वजनिक रस्ताच जात नाही. येणारा-जाणारा सगळा रेल्वेनं किंवा पायी. रुळांपासून दगडाच्या फेकीवर लाल हरणांचा कळप उभा होता, मोठा नर मान वर करून आमच्याकडे बघत होता. गाडी घेतली असती तर हे आम्हाला दिसलंच नसतं. कारण तिथे गाडी जात नाही, एवढं साधं ते कारण होतं. पावणेचार तासांच्या त्या प्रवासात लेकीला एकदाही मळमळलं नाही. मी हातात चहाचा कागदी पेला धरून सगळा वेळ नुसती बाहेर बघत होते, आणि मला ते फार दिवसांनी मिळालं होतं.

मालेगची फेरी दुसऱ्या दिवशी झाली. ग्लेनफिनन पुलाच्या २१ कमानी वळणावर येतात तेव्हा सगळा डबा डाव्या खिडक्यांशी गोळा झाला. तिसऱ्या दिवशी बसनं लॉख नेसच्या काठाकाठानं दोन तासांत इन्व्हर्नेस. तिथे खरी परीक्षा होती.

गाडीचं बुकिंग मी एका तुलना करणाऱ्या वेबसाइटवरून केलं होतं आणि ‘संपूर्ण संरक्षण’ तिथेच विकत घेतलं होतं. काउंटरवरच्या तरुणानं शांतपणे सांगितलं, की ते संरक्षण त्या वेबसाइटचं, आमचं नाही. आमच्या हिशेबी जबाबदारी पूर्ण तुमची, आणि बाराशे पौंड कार्डावर अडवावे लागतील. काही नुकसान झालं तर आधी तुम्ही आम्हाला भरायचे, मग तिकडून मागायचे. हे सगळं वेबसाइटवर लिहिलेलं होतं, पण मी ‘संपूर्ण’ हा शब्द वाचून पुढचं वाचलं नव्हतं. वर आणखी एक: कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड मोठ्या मर्यादेचं, माझं लहान. माझ्या कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू केलेले होते, पण मर्यादा साठ हजार रुपये. बाराशे पौंड म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. रांगेत मागे सहा माणसं उभी, आई बाकावर, लेक भुकेली. बँकेच्या अ‍ॅपवर परदेशी मर्यादा वाढवली, ओटीपी भारतातल्या नंबरवर आला. तो नंबर रोमिंगवर चालू ठेवला होता, म्हणून निभावलं. वीस मिनिटं गेली. जाणाऱ्यांनी हे निघण्याआधी घरी बसून करावं: चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड, त्याची मर्यादा अडवायच्या रकमेच्या वर, आणि ओटीपीचा नंबर चालू.

गाडी हातात आल्यावर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, चारही चाकांचे जवळून, आणि एक व्हिडिओ. आधीचे दोन ओरखडे त्यांच्या कागदावर लिहून घेतले.

पहिला तास मी कोणाशी बोलले नाही. बाजू आपलीच, पण सगळं मैलात. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम तिथे सगळे खरोखरच पाळतात, त्यामुळे संशय आला तर थांबलेलं बरं. आपण घुसू म्हणून समोरचा थांबणार नाही. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर मर्यादा ताशी ६० मैल असते, पण ती मर्यादा आहे, वेग नव्हे. वळणांवर मी चाळीसनं चालले आणि मागे रांग लागली की जागा बघून बाजूला घेतलं. डोर्नीला आयलीन डोनन किल्ल्यापाशी थांबलो, मग स्कायचा पूल. हा १९९५ साली झाला आणि त्याचा टोल २००४ पासून बंद आहे.

बेटाच्या उत्तर टोकाकडे रस्ता एकपदरी होतो. एकपदरी म्हणजे दोन्ही बाजूंना जाणाऱ्यांसाठी मिळून एकच पट्टा. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता एका बाजूला फुगलेला असतो आणि तिथे पांढऱ्या पाटीवर ‘पासिंग प्लेस’ लिहिलेलं असतं. समोरून गाडी दिसली की ज्याला ती जागा जवळ, त्यानं थांबायचं. जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर आत जायचं नाही, तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं, म्हणजे समोरचा आत वळून जातो. मागून घाईचा कोणी येत असेल तर त्यालाही अशाच जागी पुढे जाऊ द्यायचं. तिथे गाडी लावून फोटो काढत बसायचं नाही, हे मात्र बरेच पाहुणे विसरतात आणि सगळ्यांची कोंडी करतात. जाणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. पहिल्या दिवशी मी नुसती बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून माझंही बोट आपोआप वर जायला लागलं. मला तो बेटावरचा सगळ्यात सुंदर रिवाज वाटला.

लेकीला दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा थांबलो, पाच मिनिटं वाऱ्यावर उभे राहिलो, निघालो. रेल्वेत हे जमलं नसतं. आणि मील्टचा धबधबा रेल्वेनं किंवा बसनं आईंना मी कधीच दाखवू शकले नसते. तिथे पार्किंगपासून कठड्यापर्यंत थोडीच पावलं. पाणी कड्यावरून सरळ समुद्रात पडतं. रात्रीचे नऊ वाजत आले होते, तरी ऊन होतं, मे महिन्यात तिथे असंच असतं. आई कठडा धरून उभ्या होत्या, पदर वाऱ्यानं डोक्यावरून उडत होता. त्यांनी विचारलं, ‘आपली गाडी किती वाजताची?’ मी म्हटलं, ‘आई, ही गाडी आपली आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा निघू.’ त्या अर्धा तास तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत असं त्यांनी मला सांगितलं, आणि रात्री गुपचूप गोळी घेताना मी त्यांना बघितलं.

पोर्ट्रीला पार्किंगमध्ये वळताना डावं मागचं चाक दगडी कडेला घासलं. अलॉयवर बोटभर ओरखडा. चूक माझीच, तीन दिवस चालवून थकले होते. परत देताना कंपनीनं ९५ पौंड कापले. आमच्याकडे भाड्याचा करार, त्यांचा नुकसानीचा कागद, बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि पहिल्या दिवसाचे फोटो असं सगळं होतं, ते वेबसाइटकडे पाठवलं. पाच आठवड्यांनी पैसे खात्यात आले. कागद एकही कमी असता तर आले नसते, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून मला स्पष्ट कळत होतं.

त्या तीन दिवसांतलं स्काय मला कसं आठवतं, तेही सांगायला हवं. संध्याकाळी हॉटेलात सगळे मोबाइलवर फोटो बघायचे आणि मी विचारायची, ‘हे कुठलं?’ नवरा म्हणायचा, ‘अगं, आपण दुपारी इथूनच आलो.’ ज्या डोंगरांच्या रांगेखालून मी ती गाडी नेली, ती मी फोटोतच बघितली. मला आठवतात त्या पांढऱ्या पाट्या, मेंढ्या रस्त्यावर उतरतात त्या जागा, आणि समोरच्या माणसाचं उचललेलं बोट. पुन्हा स्कायला गेले तर गाडीच घेईन, पण चार दिवसांसाठी. आणि नवऱ्याचं नाव दुसरा चालक म्हणून घालीन. पैसे वाचवायला मी ते घातलं नाही, ही या सगळ्या हिशेबातली माझी खरी चूक.

इन्व्हर्नेसहून एडिंबराच्या गाडीत बसलो तेव्हा खिडकीची जागा आईंनी मला दिली. ‘तू बस. तू काही बघितलं नाहीस.’ अव्हिमोरच्या पुढे गाडी चढत जाते आणि रुळाच्या कडेला ड्रुमॉख्टर खिंडीची पाटी येते, ४५२ मीटर, ब्रिटनच्या मुख्य रेल्वे लाइनींवरचा सगळ्यात उंच बिंदू. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या घळीत अजून वितळायचा राहिलेला बर्फ. रूळ आणि महामार्ग तिथे शेजारी शेजारी धावतात. खाली रस्त्यावर एक बाई गाडी चालवत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. आमची गाडी तिच्या पुढे जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत होते.

परवा आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका वही मागायला आले. त्यांना दिवाळीनंतर मुलाकडे न्यूझीलंडला जायचंय. वही हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘बेन, गाडी घेऊ की ट्रेननं फिरू?’

मी त्यांना खुर्ची दिली, चहा टाकला आणि विचारलं, ‘काका, बरोबर कोण कोण येतंय?’